गुलाबी सावनी दरवर्षी पिवळी का पडते?

आषाढ लागला की आमच्या गेटापाशी एक प्रश्न ठरलेला. "ताई, तुमची सावनी बघा कशी गुलाबी झालीय, आमची तर शेंड्याकडून पिवळी पडायलीय. काय टाकलं तुम्ही?" विचारणारं माणूस दरवर्षी वेगळं, झाडाचं दुखणं तेच. उत्तर देताना मला जरा संकोच वाटतो, कारण तीन वर्षं मी काही ना काही टाकत होते आणि तिन्ही वर्षं माझं झाड पिवळंच होतं.

झाड कोणतं, ते आधी सांगते. नर्सरीवाले लॅजरस्ट्रोमिया म्हणतात, शिकलेली पोरं क्रेप मर्टल म्हणतात, हिंदीतून आलेलं सावनी हे नाव मला बरं वाटतं. पाकळ्या गौरीपुढच्या आराशीतल्या क्रेप कागदासारख्या चुरगळलेल्या, फांदीच्या टोकाला वीतभर घोस. आपलं राज्यफूल तामण हिची सख्खी बहीण, पण तामणाचा मोठा वृक्ष होतो आणि ही बंगल्याच्या कोपऱ्यात मावते. रोप घेताना पान बघा. वीतभर लांब पान असेल तर ते तामण, आणि दहा वर्षांनी ते तुमच्या गॅलरीत डोकावणार. सावनीचं पान बोटाएवढंही नसतं.

आता दुखण्याकडे.

पिवळं पान दिसलं की पहिला प्रश्न एकच: कोणतं पान? शेंड्याचं कोवळं की बुडाकडचं जून? हे न बघता जो खताचं नाव सांगेल त्याचं ऐकू नका, मग तो कृषी पदवीधर का असेना. (परभणीत १९७२ पासून कृषी विद्यापीठ आहे, त्यामुळे आमच्या गल्लीत प्रत्येक दुसरा माणूस अर्धा शास्त्रज्ञ.) खालची जुनी पानं सरसकट फिकी, वरची मात्र हिरवी असतील तर झाडाला नत्र कमी पडतंय, शेणखत द्या, प्रश्न मिटला. पण शेंड्याची नवी पानं पिवळी आणि त्यांच्या शिरा मात्र हिरव्यागार, जणू हिरव्या पेनाने जाळी काढलीय, असं दिसलं तर ती लोहाची कमतरता. उसाला हेच झालं की आपण केवडा पडला म्हणतो. चुनखडीच्या रानात पेरलेलं सोयाबीन जुलैत पिवळं होतं ते हेच. ज्याने शेतात ते पाहिलंय त्याला सावनीचं पान ओळखायला भिंग लागत नाही.

मला मात्र चार वर्षं लागली.

पहिल्या वर्षी झाड ठीक होतं. नर्सरीच्या पिशवीतली लाल माती मुळांभोवती होती ना. दुसऱ्या पावसाळ्यात मुळं बाहेरच्या मातीत गेली आणि शेंडे पिवळे पडले. शेजारचे काका म्हणाले, मूठभर युरिया टाक. टाकला. खालची पानं काळीभोर हिरवी झाली, फांद्या सरसर वाढल्या, शेंडे पिवळेच, आणि फूल एक नाही. तिसऱ्या वर्षी सूक्ष्म अन्नद्रव्यांची पुडी आणून आळ्यात ओतली. आठ दिवसांत थोडा रंग आला, महिन्याने पुन्हा पिवळं. त्याच वर्षी मोबाइलवर बघून अंड्याची टरफलं कुटून घातली, गावाकडून आणलेली चुलीची राख घातली. आज हसू येतं. टरफल म्हणजे चुना, राख म्हणजे खार. ज्या विषाने झाड आजारी होतं तेच मी चमच्याने भरवत होते. चौथ्या वर्षी कडा वाळायला लागल्या, नवी पानं जवळजवळ पांढरी निघाली, तेव्हा कुदळ घेतली.

दीड फुटावर प्लास्टरचे तुकडे, फरशीच्या कपच्या, सिमेंटच्या पोत्याचा कागद. मग आठवलं. घर बांधताना गवंडी माल कालवायचे ती जागा नेमकी हीच. दोन वर्षं रोज संध्याकाळी घमेली-थापी तिथेच धुतली गेली होती.

तुमच्याकडे काय आहे ते बघायला प्रयोगशाळाच हवी असं नाही. झाडाच्या मुळापाशी वीतभर खालची ढेकूळभर माती घ्या, वाळवा, वाटीत ठेवून वर पांढरा व्हिनेगर ओता. कान जवळ न्या. सोड्यासारखी फसफस झाली तर चुना भरपूर आहे. भिंतीपासून दोन-तीन फुटांवरची माती आणि आवाराच्या लांबच्या कोपऱ्यातली माती वेगवेगळी तपासा. नव्या घरात फरक हमखास दिसतो. माझी भिंतीकडची माती उकळल्यासारखी फसफसली. नंतर माती परीक्षणही करून घेतलं: सामू (पीएच) ८.३, मुक्त चुना १२ टक्के.

यात मातीत लोह नसतं असं मुळीच नाही. आपली काळी माती लोहाने भरलेली आहे. पण सामू आठच्या वर गेला आणि चुना जास्त असला की ते लोह न विरघळणाऱ्या रूपात अडकून बसतं, मुळाला उचलता येत नाही. कोठार भरलेलं आणि कुलूप लावलेलं. मेंदी, डाळिंब आणि सावनी एकाच कुळातल्या. पण डाळिंब आपल्या चुनखडीत बऱ्यापैकी नांदतं, ही चुलतबहीण मात्र नाक मुरडते. तिला किंचित आम्ल माती आवडते.

मग हे पावसाळ्यातच जास्त का दिसतं, उन्हाळ्यात का नाही? हा प्रश्न मला बरेच दिवस छळत होता. भारी काळी जमीन पाऊस लागला की चिखल होऊन बसते, आळ्यात पाणी साचतं, मुळांना हवा मिळत नाही. मुळांचा आणि जिवाणूंचा श्वास त्या पाण्यातच कोंडतो, त्यातून बायकार्बोनेट वाढतं, आणि चुन्याचं कुलूप आणखी घट्ट होतं. आठ-दहा दिवस उघडीप मिळून वाफसा आला की पिवळेपणा थोडा उतरतो. म्हणून पावसात पिवळं दिसल्याबरोबर पुडी टाकणाऱ्याला वाटतं पुडीने गुण आला. गुण आलेला असतो उघडिपीने.

गंधक टाकून चुना मारता येईल का? तत्त्वतः येतो. मातीतले जिवाणू गंधकाचं आम्ल करतात आणि ते चुना खातं. पण हिशेब करून बघा. दोन बाय दोन बाय दोन फुटांच्या खड्ड्यात साधारण २८० किलो माती. त्यात १२ टक्के म्हणजे ३३ किलोंवर चुना. एक किलो चुना संपवायला सुमारे ३२० ग्रॅम गंधक लागतं, म्हणजे एका खड्ड्याला पावणेअकरा किलो. एवढं एकदम टाकलं तर झाडच जळेल, आणि मुळं काही खड्ड्यात थांबत नाहीत. दरवर्षी दोन मुठी गंधक पसरायला माझी हरकत नाही, मुळाजवळच्या पट्ट्यात थोडा फरक पडतो. फक्त त्याच्या भरवशावर बसू नका.

खरा इलाज जागेचा आणि पाण्याचा. फवारणी हे तेवढ्यापुरतं सलाइन.

सलाइन आधी. हिराकस, म्हणजे फेरस सल्फेट, एका लिटरला ५ ग्रॅम, सोबत १ ग्रॅम लिंबूसत्व. बोअरच्या पाण्यात कालवलं तर डोळ्यांदेखत तांबूस गाळ बसतो आणि फवारा वाया जातो. पावसाचं किंवा फिल्टरचं शुद्ध पाणी घ्या. हिराकस ताजी हवी, फिकट हिरव्या खड्यांची. विटकरी पूड झालेली असेल तर दुकानदाराला परत द्या, तिचा उपयोग संपलाय. एक फांदी आधी फवारून दोन दिवस बघा, मग संध्याकाळी झाडभर, आठ-दहा दिवसांच्या अंतराने दोन-तीनदा. फरशी झाका, गंजाचे डाग जात नाहीत (आमच्या ओट्यावर अजून आहेत, आणि त्यांचा विषय महिन्यातून एकदा निघतोच). जिथे थेंब पडेल तिथेच पान हिरवं होतं, कारण लोह पानातून पानात फारसं सरकत नाही. पुढची पालवी परत पिवळी येणार.

जमिनीतून लोह द्यायचं तर दुकानात चिलेटेड लोह (मातीत अडकू नये म्हणून दुसऱ्या द्रव्यात बांधलेलं लोह) मागताना पाकिटावरची अक्षरं वाचा. बहुतेक ठिकाणी ईडीटीए देतात, पिवळट पावडर. ती फवारणीला चालते, पण आपल्या सामूच्या मातीत थोड्याच दिवसांत फुटते आणि लोह पुन्हा कोंडलं जातं. तिसऱ्या वर्षीची माझी पुडी तीच होती. आपल्याला हवं ते ईडीडीएचए. काळपट लाल, पाण्यात टाकताच पाणी गडद लाल होतं. महाग आहे. सहा फुटी झाडाला मी २५ ग्रॅम दहा लिटर पाण्यात कालवून पावसाळ्याच्या तोंडी ओल्या आळ्यात देते आणि लगेच मातीने झाकते, कारण उन्हात त्याची ताकद जाते.

आता पाणी. मराठवाड्यात पाण्याबद्दल तक्रार करायची म्हणजे उपाशी माणसाने भाकरीला नावं ठेवण्यासारखं. मिळतंय तेच खूप. पण कुठलं पाणी झाडाला आणि कुठलं फरशीला, एवढं तरी आपल्या हातात आहे. बोअरच्या पाण्याने बादलीला पांढरा थर बसत असेल तर तोच थर रोज थोडाथोडा मातीतही बसतोय. त्याहून वाईट आरओचं वाया जाणारं पाणी. आमच्या गल्लीत निम्म्या घरांत ती नळी थेट झाडाच्या आळ्यात सोडलेली होती, पाणी वाचवल्याच्या समाधानात. त्या पाण्यात मूळ पाण्यातले क्षार आणखी दाट झालेले असतात. कूलरच्या टाकीतलं तळाचं पाणीही तसंच. दिवसभर वाफ उडते, क्षार मागे राहतात. पानाची टोकं आणि कडा तपकिरी वाळत असतील तर आधी या दोन नळ्या शोधा. ते पाणी संडासाला, फरशी पुसायला वापरा. एसीच्या नळीतून टपकणारं पाणी मात्र जवळजवळ शुद्ध, ते खुशाल झाडाला द्या.

आणि पावसाचं साठवा. दहा बाय दहा फुटांच्या पत्र्यावर १० मिलिमीटर पाऊस पडला तर नव्वदेक लिटर पाणी मिळतं. पन्हाळीखाली एक पिंप ठेवलं तरी दोन-तीन फवारण्यांचं आणि ईडीडीएचए कालवायचं पाणी फुकटात होतं.

माझं झाड मी पाचव्या वर्षी जानेवारीत हलवलं. पानं झडलेली असतात, तेव्हा त्याला कळतही नाही. फुटभर त्रिज्येचा मातीचा गोळा सुतळी-बारदानात बांधून दोन माणसांनी उचलला. नवी जागा भिंतीपासून सहा फूट, खड्डा जेमतेम वीतभर, आणि वर चार फूट रुंद, सव्वा फूट उंच मातीची गादी. लाल माती, मुरलेलं शेणखत आणि थोडी आपली काळी. लाल माती आणताना ट्रॅक्टरवरच व्हिनेगर टाकून बघितलं, ट्रॅक्टरवाला दादा बराच वेळ माझ्याकडे बघत राहिला. पहिल्या उन्हाळ्यात सोयाबीनच्या भुसकटाचं चार बोटं आच्छादन, खोडापासून जरा लांब. गादी केल्यापासून पावसाचं पाणी मुळात साचत नाही. पिवळेपणा पूर्ण गेला असं म्हणणार नाही, श्रावणात चार शेंडे फिके दिसतातच. पण आता फुलं असतात, त्यामुळे ते कुणाला दिसत नाहीत.

झाड मोठं असेल, हलवता येत नसेल तर खोडापासून तीन-चार फुटांवर, फांद्यांच्या घेराखाली, चार-पाच ठिकाणी फूटभर खोल खड्डे पाडून मुरलेल्या शेणखताने भरा, दरवर्षी जागा बदला. शेणखतातली सेंद्रिय आम्लं थोडं लोह मोकळं करतात. आळं खोलगट असेल तर पावसाळ्यात बुजवा आणि पाण्याला बाहेरची वाट द्या. डीएपी खत बंद, त्यातलं स्फुरद (फॉस्फरस) जास्त झालं की लोह आणखी अडतं.

हिरवंगार, पण फूल नाही

हे दुखणं वेगळं. तीन गोष्टी विचारते.

ऊन किती? थेट ऊन सहा तास तरी हवं. आमच्या गल्लीतल्या एका काकूंची सावनी कडुनिंबाच्या सावलीत आहे. झाड निरोगी, उंच, आणि दरवर्षी दोन घोस. त्यांना मी सांगितलं, काकू, एक तर निंब ठेवा नाहीतर फुलांचा नाद सोडा. त्यांनी निंब ठेवला. मराठवाड्याच्या मे महिन्यात मीही तेच केलं असतं.

लाड किती? युरिया आणि रोजचं पाणी मिळालं की हिला फुलायची घाई उरत नाही, पानं काढत बसते. जमलेल्या झाडाला उन्हाळ्यातही सात-आठ दिवसांतून एकदा भरपूर पाणी पुरतं. रोज तांब्याभर ओतलं तर मुळं वरच्याच थरात राहतात, आणि काळ्या मातीला भेगा पडल्या की तीच मुळं तुटतात.

छाटणी कधी केली? इथे सगळ्यात जास्त घात होतो. सावनीला फूल येतं त्या वर्षीच्या नव्या फुटीवर. मृग बरसला की आपल्याकडे सगळं छाटायची पद्धत, त्यात हिच्या तयार झालेल्या कळ्या कापल्या जातात. छाटायची ती महाशिवरात्रीच्या आत, झाड उघडं असताना. पेन्सिलीपेक्षा बारीक काड्या, एकमेकींवर घासणाऱ्या फांद्या, बुडाचे फुटवे, एवढंच काढायचं. दरवर्षी मनगटाएवढ्या फांद्या एकाच उंचीवर कापून झाडाचं मुंडण करणारे माळी आहेत. त्यावर केरसुणीसारख्या लांब, लवचिक काठ्या फुटतात. घोस आला, वर पाऊस पडला, की त्या लोळतात. शिवाय हिचं सोलून निघणारं, गुळगुळीत, ठिपकेदार खोड ही निम्मी शोभा असते, ती कायमची जाते. कापणी चुकलीच असेल तर पुढच्या वर्षी त्या गाठीवरच्या काठ्यांपैकी दोन चांगल्या ठेवा, बाकी काढा. तीन-चार वर्षांत आकार परत येतो.

पहिला बहर सरला की वाळके घोस, बोंडं धरायच्या आत, खालच्या दोन पानांसकट कापा. महिना-दीड महिन्यात दुसरा बहर येतो.

कळ्या आहेत, उघडत नाहीत

कोवळी पानं वळलेली, कळ्यांवर पिठासारखा थर, असं असेल तर भुरी, म्हणजे बुरशीचा रोग. भाद्रपद सरता सरता रात्री गार आणि दिवस दमट झाले की येते, दाट सावलीत जास्त. पण औषध आणण्याआधी थरावरून बोट फिरवा. पीठ बोटाला लागलं तर भुरी. लागलं नाही, आणि व्हिनेगरच्या फडक्याने पुसलं गेलं, तर तो तुमच्या पाइपने पानांवर मारलेल्या बोअरच्या पाण्याचा क्षार. एका काकांनी त्या क्षारावर दोनदा बुरशीनाशक मारलं होतं. भुरीला पाण्यात मिसळणारं गंधक, लिटरला २ ग्रॅम, सकाळी लवकर किंवा ऊन उतरल्यावर. ऑक्टोबरच्या कडक दुपारी मारलं तर पानं भाजतात, आणि निंबोळी तेल फवारून पंधरा दिवस झाले नसतील तर गंधक मारू नका.

पानं चिकट, वर काजळी, खोडावर मुंग्यांची रांग: मावा. पानाच्या पाठीमागे बघा. पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने दोन-तीन दिवस धुवा, नाहीच गेला तर निंबोळी अर्क. मावा खाणारे ढालकिडे दिसले तर निंबोळीही नको, ते काम करतायत. मावा गेला की काजळी हळूहळू धुऊन जाते.

एक राहिलं. डिसेंबरात मागच्या गल्लीतून एक मामा आले, चेहरा पडलेला. झाड आधी पिवळं, मग लाल झालं आणि आता एक पान नाही. उपटायला माणूस सांगून ठेवलाय, दुसरं कुठलं झाड लावू? मी त्यांच्यासोबत गेले, एका काडीवर नखाने ओरखडा काढला. साल खाली हिरवी होती. सावनी थंडीत पानं झाडते, मामा. "मग माणसाला काय सांगू?" म्हणाले. मी म्हटलं, आलाच आहे तर बुडाचे फुटवे काढून घ्या.